कधी वाटलं नव्हतं

आमच्या बोटीचं नावच ते. डचमध्ये 'नोइत खेदाख्त'.
शेवटचा हप्ता फिटला त्या संध्याकाळी
आजोबांनी स्वतः रंगवलं, एक अक्षर तिरकं.
या नावाच्या आणखी कितीतरी बोटी आहेत नदीत.
आधी कुणालाच काही वाटलेलं नसतं.

बाबा इंजिन तळव्यांनी ऐकायचे.
मोजे काढून उभे राहत सुकाणूपाशी
आणि सांगत, तिसरा सिलिंडर कुरकुरतोय.
आई धुणं घालायची ते वारा बघून.
वारा मागून, आणि नेमका बोटीच्याच वेगाचा असला
तर धूर कुठे जायचाच नाही,
पाहुण्यासारखा डोक्यावर बसून राहायचा,
आणि चादरींवर तीळ पडायचे. काळे.
माझ्या पाळण्यातल्या दुपट्यावरही होते म्हणे.

मार्चमध्ये इंजिन काढलं.
क्रेनने ते उचललं तेव्हा खालून तेल ठिबकत होतं.
बाबांनी टोपी काढली.
नंतर म्हणाले, डोकं खाजत होतं.

आता मागे दोन पेट्या. बॅटरीच्या.
संपल्या की धक्क्यावर ठेवायच्या, भरलेल्या घ्यायच्या,
दुधाच्या रिकाम्या बाटल्या दारात ठेवाव्यात तशा.
कपाटातल्या बश्या बोलायच्या थांबल्या.
मला पाणी ऐकू येतं, पाणकोंबड्या,
काठावर कुणाचं तरी भांडण, अगदी शब्दन् शब्द.
बाबांना मात्र झोप नाही.
रात्री तीनला दारात उभे, अनवाणी:
"योरिंड, थांबलो का गं?"
"नाही बाबा. चाललोय."
"मग कळत कसं नाही?"

कंपनीच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे.
मागे गवत, गाई, मी हसतेय.
खाली लिहिलंय की आमच्या एका खेपेत
रस्त्यावरचे शंभर ट्रक कमी होतात.
असतील. मी मोजले नाहीत.
मी फक्त मालाची यादी वाचते:
बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कुत्र्यांच्या गाद्या,
आणि अकरा कंटेनर परत चाललेले बूट.
लोक तीन मापांचे मागवतात, एक ठेवतात,
उरलेले दोन आम्ही नेतो
अगदी स्वच्छ, धूर न करता,
जिथून आणले तिथे.

मग ऑगस्ट.
बाबा अजून रेडिओवर पाण्याची पातळी ऐकतात,
कॉफी न ढवळता.
लोबिथ, उणे चार. लोबिथ, उणे सात.
सगळं जग मोठमोठ्या गप्पा मारतं,
पण कोण किती पाण्यात आहे
ते आम्हाला रोज सकाळी सेंटिमीटरमध्ये सांगतात.
नायमेखनच्या पुलाखाली वाळू वर आली,
वाळूत एक सायकल, हँडलला अजून घंटी.
अर्धाच माल घ्या, म्हणाले. मग एक तृतीयांश.
उरलेल्या मालासाठी बांधावरून ट्रक निघाले,
एकामागे एक, खरोखर मुंग्यांसारखे,
आणि मी ते मोजले. या वेळी मोजले.
आमच्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या.
नदी नव्हती.

दोष कुणाला द्यायचा?
साठ वर्षं आम्हीच तर फुंकत होतो वर,
आजोबा, बाबा, मी,
बोटीएवढ्या संथ गतीने.
बाबांना हे म्हणाले नाही.
ते म्हणाले असते: पोट होतं. तेही खरं.

नांगर टाकून नववा दिवस.
बाबांनी आईची मोठी पांढरी चादर धुतली,
तिच्या जागी, तिच्याच चिमट्यांनी वाळत घातली.
वारा मागून होता. त्यांनी वर पाहिलं,
सवयीनं. वर काहीच नव्हतं.

संध्याकाळी काढताना कापडावरून बोट फिरवलं
आणि मला दाखवलं.
काळं नव्हतं.
पिवळट, पिठासारखं.
उघड्या पडलेल्या पात्राची धूळ.

घडी घालताना चादरीचं दुसरं टोक मी धरलं.
"उद्या किती सांगितलंय?" त्यांनी विचारलं.
आम्ही दोघं एक एक पाऊल जवळ आलो,
टोकाला टोक जुळवलं,
आणि पुन्हा मागे सरलो.